परतावाही मिळेल आणि समाजाचं, पर्यावरणाचं भलंही होईल, अशी गुंतवणूक खरंच असते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हाताशी थोडी शिल्लक आहे, ती वाढावी आणि कुणाच्या तरी उपयोगीही पडावी अशी इच्छा आहे, सल्लागाराने नावात 'शाश्वत' असलेला एक शेअर फंड सुचवलाय, तो घ्यावा, की हे सगळं जाहिरातीचं काम आहे?

अशी गुंतवणूक असते. पण तुम्हाला दाखवली गेली आहे ती बहुतेक ती नव्हे.

मी काही वर्षं अशा गुंतवणुकांचे अहवाल तपासण्याचं काम केलं. 'आम्ही इतक्या लाख लोकांच्या आयुष्यात बदल घडवला' असं लिहिलेलं असतं ना, तो आकडा आला कुठून हे विचारत बसणारा माणूस म्हणजे मी. या कामाने माणूस थोडा कडवट होतो, तेवढं वजा करून पुढचं वाचा.

आधी शेअर फंडाचंच बघू. तुम्ही फंडात पैसे टाकले, फंडाने एका पवनऊर्जा कंपनीचे शेअर घेतले. कुणाकडून घेतले? बाजारात ज्याला ते विकायचे होते त्याच्याकडून. कंपनीच्या खात्यात छदामही गेला नाही. जुनं पुस्तक दुसऱ्या वाचकाकडून विकत घेतलं तर लेखकाच्या हाती काही पडत नाही, तसंच हे. कंपनीने नवे शेअर विक्रीला काढले असतील आणि ते तुम्ही घेतले, तर गोष्ट वेगळी. पण फंडांचा बहुतेक व्यवहार आधीच बाजारात असलेल्या शेअरांचा असतो.

यावर नेहमी येणारं उत्तर असं की सगळ्यांनीच चांगल्या कंपन्यांचे शेअर घेतले आणि वाईट कंपन्यांचे विकले तर भाव हलतील, वाईट कंपन्यांना भांडवल महाग पडेल. तत्त्वतः बरोबर आहे. जोनाथन बर्क आणि यूल्स व्हान बिन्सबर्गन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी याचं मोजमाप करून पाहिलं. अशा बहिष्कारामुळे भांडवलाच्या खर्चात पडणारा फरक त्यांच्या हिशेबाने एका टक्क्याच्या शंभराव्या भागाच्या निम्म्याहूनही कमी निघाला. एवढ्याशा फरकाने कुठलाही कारखाना बंद पडत नाही की नवा उभा राहत नाही. सॅम्युएल हार्टझमार्क आणि केली शू यांचं काम तर आणखी अस्वस्थ करणारं आहे. आधीच स्वच्छ असलेल्या कंपनीला भांडवल स्वस्त मिळालं तर ती आणखी स्वच्छ कितीशी होणार? विमा कंपनीचा धूर मुळातच किती असतो! उलट धूर ओकणाऱ्या कंपनीला पैसा महाग झाला की ती नवी यंत्रणा बसवायचं सोडून जुनीच ताणत बसते आणि जास्त घाण करते. म्हणजे करायला गेलो एक आणि झालं भलतंच.

म्हणून या सगळ्या भानगडीत मी एकच प्रश्न धरून ठेवतो: माझे पैसे आले नसते तर काय अडलं असतं? काहीच अडलं नसतं, तर ती माझी आवड झाली, परिणाम नव्हे. आवड असायलाही हरकत नाही. तंबाखूच्या नफ्यातला वाटा आपल्याला नको असं कुणाला वाटलं तर ते वाटणं पुरेसं आहे, त्याला जग बदलल्याचं प्रमाणपत्र कशाला हवं?

गोंधळ होतो तो तीन वेगळ्या गोष्टी एका पिशवीत भरल्यामुळे. पहिली, नको ते टाळणं. ही सगळ्यात जुनी. अमेरिकेत १९७१ साली दोन मेथडिस्ट धर्मोपदेशकांनी पॅक्स वर्ल्ड फंड सुरू केला, तो व्हिएतनाम युद्धातून कमावणाऱ्या कंपन्या टाळण्यासाठी. दुसरी, ईएसजी, म्हणजे पर्यावरण, समाज आणि कंपनीचा कारभार या तीन बाबी तपासून शेअर निवडणं. हा शब्द २००४ सालच्या संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने निघालेल्या एका अहवालातून रूढ झाला. आणि तिसरी, इम्पॅक्ट इन्व्हेस्टिंग. हे नाव २००७ साली इटलीतल्या बेलाजिओ इथे रॉकफेलर फाउंडेशनने बोलावलेल्या बैठकीत ठरलं. तिथली कल्पना अशी की भलं व्हावं हा हेतू आधीपासून असला पाहिजे, मुद्दल परत येऊन वर काही मिळालं पाहिजे आणि झालेला फरक मोजून दाखवला पाहिजे. या क्षेत्राची 'जीआयआयएन' नावाची जागतिक संस्था २००९ साली स्थापन झाली. तिच्या २०२४ च्या अंदाजानुसार जगभरात सुमारे १.५७ लाख कोटी डॉलर या नावाखाली गुंतलेले आहेत. यात कोण कोण बसलंय हे पाहिलं की 'या नावाखाली' हे शब्द मी का वापरले ते कळेल.

ईएसजीबद्दल एक गैरसमज फार पसरलाय. कंपनीला चांगले गुण मिळाले म्हणजे ती जगासाठी चांगली, असं लोक धरून चालतात. बरेचसे गुण देणारे मोजतात ते नेमकं उलट्या दिशेने: जगात जे चाललंय त्याने या कंपनीच्या नफ्याला किती धोका आहे. पाणी उपसणाऱ्या कंपनीने जिथे पाणी मुबलक आहे तिथेच उपसलं, तर तिचा धोका कमी आणि गुण जास्त. शिवाय गुण देणाऱ्यांचं आपसातही जमत नाही. फ्लोरियन बर्ग आणि सहकाऱ्यांनी सहा संस्थांचे गुण ताडून पाहिले, त्यांच्यातला सरासरी सहसंबंध ०.५४ निघाला (१ म्हणजे पूर्ण मेळ), कर्जफेडीची पत ठरवणाऱ्या संस्थांमध्ये तोच ०.९ च्या वर असतो. २०२२ च्या मे महिन्यात एस अँड पी ५०० या अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांच्या निर्देशांकाच्या ईएसजी आवृत्तीतून विजेवर चालणाऱ्या गाड्या बनवणारी टेस्ला बाहेर पडली आणि खनिज तेलवाली एक्सॉनमोबिल आत राहिली. कारणं दिली गेली, ती त्यांच्या पद्धतीप्रमाणे बरोबरही होती. पण त्या निर्देशांकाच्या नावावर ज्याने पैसे लावले त्याला काय वाटलं असेल?

मी स्वतःही हे करून बसलोय. पहिल्या कमाईतून एक फंड घेतला होता, नावात 'हरित', मुखपृष्ठावर पान, पानावर दवबिंदू. वर्षभराने त्यातल्या पहिल्या दहा कंपन्या कोणत्या ते पाहिलं तर सॉफ्टवेअर, बँका, औषधं. खोटं काही नव्हतं. कार्यालयात बसून काम करणाऱ्यांचा धूर कमीच असतो, म्हणून त्या यादीत आल्या. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. आणि त्यासाठी साध्या इंडेक्स फंडाच्या, म्हणजे बाजाराचा निर्देशांक जसाच्या तसा घेणाऱ्या फंडाच्या, कितीतरी पट शुल्क मी आनंदाने भरत होतो.

नियामकांना हे आता कळलंय, उशिरा का होईना. जर्मनीच्या डीडब्ल्यूएस या बड्या फंड कंपनीच्या कचेरीवर मे २०२२ मध्ये छापा पडला, आणि ईएसजीबद्दल दिशाभूल केल्याबद्दल अमेरिकेच्या बाजार नियामकाने पुढच्या वर्षी तिला १.९ कोटी डॉलर दंड लावला. युरोपात आता फंडाच्या नावात असे शब्द वापरायचे तर किमान ८० टक्के गुंतवणूक त्या वैशिष्ट्यांना धरून असावी लागते, आणि ब्रिटनमध्ये जुलै २०२४ पासून चार ठरावीक लेबलं आहेत, त्यात 'इम्पॅक्ट' हे वेगळं आहे. तुमच्या फंडावर कुठल्या देशाचा नियम लागू आहे ते पाहा. पण नियम नाव तपासतो, परिणाम नव्हे.

आता परिणाम घडवणारी गुंतवणूक खरी कुठे असते ते सांगतो, आणि त्यासाठी मला दीडशे वर्षांहून मागे जाऊ द्या, कारण यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला अजून सापडलेलं नाही. १८६५ सालचं लंडन. ऑक्टेव्हिया हिल नावाच्या तरुण बाईंना गरिबांसाठी राहण्याजोगी घरं हवी होती. जॉन रस्किन या विख्यात लेखकाने मॅरिलबोन भागातली तीन पडझड झालेली घरं घेऊन दिली आणि सांगितलं, यावर पाच टक्के परतावा दाखवा, म्हणजे आणखी लोक पैसे घालतील. हिल बाईंनी दाखवला. भाडं दर आठवड्याला वसूल होई, आणि त्या बाबतीत त्या कडक होत्या, थकबाकीदाराची गय करत नसत. पण पाच टक्के देऊन जे उरेल ते डागडुजीला जाई, आणि कुठली दुरुस्ती आधी यात भाडेकरूंचं ऐकलं जाई. पुढे या पद्धतीला 'पाच टक्क्यांचा परोपकार' असं नावच पडलं.

यात मला महत्त्वाचं वाटतं ते नफ्यावरचं झाकण. पाचाच्या वर गुंतवणूकदाराला काही नाही, हे आधीच ठरलेलं. त्यामुळे भाडेकरूला पिळून सहावा टक्का काढावा असं कुणाला वाटण्याचं कारणच राहिलं नाही. आजच्या शंभर पानी परिणाम-अहवालांपेक्षा ही एक अट जास्त काम करते असं माझं मत आहे.

झाकण नसलं की काय होतं ते छोट्या कर्जांच्या धंद्यात दिसलं. मुहम्मद युनूस यांनी १९७६ साली बांगलादेशातल्या जोब्रा गावात सुरू केलेला प्रयोग १९८३ मध्ये ग्रामीण बँक झाला, २००६ मध्ये दोघांना मिळून शांततेचं नोबेल मिळालं, आणि जगभरचा पैसा या कल्पनेकडे धावला. २००७ मध्ये मेक्सिकोच्या कॉम्पार्तामोस या संस्थेने शेअर बाजारात पाऊल टाकलं. आधीच्या गुंतवणूकदारांना डोळे दिपतील असा नफा झाला. तिचे कर्जदार वर्षाला, कर धरून, जवळपास शंभर टक्के व्याज भरत होते. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच. खुद्द युनूस यांनी त्यावर जाहीर टीका केली.

बरं, कर्जाने गरिबी हटली का? २०१५ मध्ये सहा देशांतले काटेकोर प्रयोग एकत्र प्रसिद्ध झाले: भारत, बोस्निया, इथिओपिया, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को. त्यांचं सार असं की फायदा आहे, पण माफक. काहींचा धंदा थोडा वाढला, कुटुंबाला खर्चाचं वेळापत्रक ठरवायची मोकळीक मिळाली. सरासरी उत्पन्नात मोठी झेप दिसली नाही. वाईट निकाल नव्हे हा. पण ज्या तसबिरी अहवालांच्या मुखपृष्ठावर छापल्या जात होत्या, त्यांच्याशी याचा मेळ बसत नव्हता.

मला त्याचं नवल वाटलं नाही, कारण तोवर मी एका संस्थेच्या कर्जदारांना भेटून आलो होतो. एका बाईंना विचारलं, "या कर्जाचा उपयोग झाला का?" त्या म्हणाल्या, "कुठल्या?" त्यांच्या नावावर तीन संस्थांची कर्जं होती. दुसरं घेतलं ते पहिल्याचा हप्ता भरायला, तिसरं दुसऱ्याचा. तिन्ही ठिकाणच्या मोजणीत त्या 'सक्षम झालेली महिला' म्हणून धरल्या होत्या. कागदावर तीन बायका सक्षम झाल्या होत्या आणि माझ्यासमोर एक बसली होती, तिचं लक्ष पुढच्या हप्त्याच्या तारखेकडे. त्या दिवसापासून 'किती लोकांपर्यंत पोहोचलो' हा आकडा मी वाचतच नाही. त्यांच्याकडे आधी काय होतं, आता काय आहे आणि तुम्ही नसता तर काय असतं, हे सांगत असाल तर बोला.

हे शेवटचं मोजायला महाग असतं, म्हणून कुणी मोजत नाही. ज्यांनी मोजलं त्यांची उदाहरणं म्हणून तर माझ्या लक्षात आहेत. २०१० मध्ये इंग्लंडातल्या पीटरबरो तुरुंगासाठी १७ गुंतवणूकदारांनी ५० लाख पौंड घातले. अल्प शिक्षा भोगून सुटलेल्यांना आधार द्यायचा, आणि ते पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याचं प्रमाण इतर तुरुंगांतल्या तशाच कैद्यांच्या तुलनेत ठरल्याइतकं घटलं तरच सरकारी बाजूकडून पैसे परत. लक्ष्य ७.५ टक्क्यांचं होतं, घट ९ टक्के झाली. मुद्दल आणि वर्षाला तीन टक्क्यांच्या आसपास मिळालं. न्यूयॉर्कच्या रायकर्स बेटावरच्या तुरुंगात २०१२ मध्ये असाच करार झाला, गोल्डमन सॅक्सने ९६ लाख डॉलर कर्जाऊ द्यायचे ठरवले. किशोरवयीन कैद्यांच्या परत येण्यात काहीच फरक पडला नाही आणि २०१५ मध्ये तो गुंडाळला. करदात्यांना या परताव्यासाठी काही द्यावं लागलं नाही. आता गंमत बघा: त्यातल्या ७२ लाखांची हमी एका दानशूर संस्थेने आधीच घेतली होती, म्हणजे बँकेचा धोका उरल्या थोड्या रकमेपुरताच. कुठलीही अशी योजना समोर आली की बुडाली तर कोणाचं बुडणार, हे आधी शोधा. बऱ्याचदा नफा एकाचा असतो आणि धोका दुसऱ्याच कुणाचा.

परताव्याबद्दल. 'बाजाराइतकाच परतावा आणि वर भलं' असं सांगणारा माणूस भेटला की मी ऐकून घेतो, वाद घालत नाही. ब्रॅड बार्बर, अडेअर मोर्स आणि आयाको यासुदा यांनी अशा खासगी फंडांची तुलना साध्या व्हेंचर फंडांशी, म्हणजे नव्या कंपन्यांत पैसे घालणाऱ्या फंडांशी, केली. वार्षिक परतावा सुमारे ४.७ टक्के बिंदूंनी कमी निघाला, आणि गुंतवणूकदार ते जाणूनबुजून स्वीकारत होते. याचा अर्थ प्रत्येक ठिकाणी तोटाच असा नाही. सौरप्रकल्पात आज चारचौघांसारखा परतावा मिळू शकतो. पण मग माझा तोच प्रश्न: तिथे पैसे घालायला बँका रांगेत उभ्या असताना तुमच्यावाचून काय अडलं होतं? अडलं होतं ते वीस-पंचवीस वर्षांपूर्वी, सौरऊर्जा महाग होती तेव्हा. आणि तेव्हा कोंडी फोडली ती मोठ्या प्रमाणात जर्मनीच्या २००० सालच्या कायद्याने, ज्यात अशा विजेला वीस वर्षांसाठी ठरावीक दर मिळण्याची हमी होती. गुंतवणूकदार मागाहून आले. हे कबूल करायला आमच्या क्षेत्रातले लोक जरा कचरतात.

म्हणजे जिथे तुमच्या पैशावाचून खरंच अडतं, तिथे काहीतरी गैरसोय असणारच. धोका जास्त, परतावा कमी, रक्कम लहान म्हणून मोठ्यांना परवडत नाही, किंवा पैसे लवकर मोकळे होत नाहीत. यातल्या शेवटच्याला लोक फार हलकं घेतात. नेदरलँड्सची ट्रायोडोस ही १९८० पासूनची नैतिक बँक म्हणून नावाजलेली. तिचे भागदाखले हजारो साध्या लोकांनी बचत म्हणून घेतले होते, कारण बँक स्वतःच ठरल्या किमतीला खरेदी-विक्री घडवून आणायची. जानेवारी २०२१ मध्ये तो व्यवहार थांबला. अडीच वर्षांनी एका छोट्या बाजारात सुरू झाला, त्यानंतर भाव कागदोपत्री किमतीच्या निम्म्याच्याही खाली गेला. बँक बुडाली नव्हती, कर्जं नीट चालू होती, कामही चांगलंच होतं. फक्त ज्याला पैसे हवे होते त्याला विकत घेणारा मिळत नव्हता.

हरित रोख्यांचं, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठी म्हणून उभारलेल्या कर्जाचं, म्हणाल तर ते मधलं प्रकरण. २००७ मध्ये युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँकेने आणि २००८ मध्ये जागतिक बँकेने सुरुवात केली. इथे पैसा निदान थेट रोखे काढणाऱ्याकडे जातो. मात्र त्या पैशाने नवं काही उभं राहणार आहे, की आधीच उभ्या असलेल्या प्रकल्पाचं जुनं कर्ज फेडलं जाणार आहे, हे माहितीपत्रकात शोधा. दुसरं बरंच आढळतं.

आणि शेअर घ्यायचेच असतील तर मताचा अधिकार वापरणारा फंड बघा. २०२१ मध्ये इंजिन नंबर वन या चिमुकल्या फंडाने एक्सॉनमोबिलचे जेमतेम ०.०२ टक्के शेअर हाती असताना मोठ्या पेन्शन फंडांना सोबत घेऊन संचालक मंडळात तीन माणसं निवडून आणली. त्याने कंपनी किती बदलली यावर वाद आहेत, माझ्या मते फारशी नाही. पण विकून बाजूला झाले असते तर तेवढंही झालं नसतं.

मी स्वतः काय करतो, हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. बहुतेक बचत साध्या, स्वस्त इंडेक्स फंडात आहे आणि तिला मी कसलंही पुण्य चिकटवत नाही. एक छोटा हिस्सा एका सहकारी संस्थेला दिलाय, ती छोट्या उत्पादकांना कर्ज देते. लाभांशावर तिथे झाकण आहे, आणि एका वर्षी तो मिळालाही नाही. दान वेगळं करतो. शुल्काचा जो फरक त्या दवबिंदूवाल्या फंडाला देत होतो, तो आता सरळ दानात जातो, आणि हिशेबही सोपा झालाय.

तुमच्या सल्लागाराला त्या फंडाबद्दल इतकं विचारा: यातले किती पैसे नव्या कामाला जातात आणि किती नुसते एका हातातून दुसऱ्या हातात, फंडाने मागच्या वर्षी कुठल्या ठरावावर काय मत दिलं, साध्या इंडेक्स फंडापेक्षा शुल्क किती जास्त आहे. थेट कर्ज किंवा रोख्यांकडे वळलात, तर पाच-सात वर्षं हात लावावा लागणार नाही एवढीच रक्कम घाला, मधेच मोडायची वेळ आली तर काय होतं ते करारात कुठल्या कलमात लिहिलंय ते सही करण्याआधी दाखवून घ्या, आणि अशा उत्पन्नावर तुमच्याकडे कर कसा लागतो तेही.